आधी बैलं प्याली

अनुसयाअक्का गेल्याचा निरोप आला तवा मी खुरप्याला धार लावत होतो. फोन सुनेनं घेतला. "आबा, दौंडच्या अक्का गेल्या," म्हणाली. मी म्हटलं, "दौंडच्या कशाच्या? म्हातारपणी लेकीकडं राहायला गेली म्हणून दौंडची झाली व्हय? अक्का शिरूरची. आमच्या गिरणीच्या गल्लीची." मी खुरपं हातात धरून तसाच बसून राहिलो... आता त्याला महिना उलटून गेला. दुसरीत शाळा सुटली माझी, पण हे मी कुणाकडून लिहून घेतलेलं न्हाई. अक्काबद्दल दुसऱ्याच्या हातानं लिहिणं मला पटत न्हाई.

आमच्या गल्लीच्या टोकाला शेंगतेलाची गिरणी होती. शेंगा घेऊन गावोगावच्या बैलगाड्या यायच्या आन् त्यांच्यावर सगळी गल्ली जगायची. मी लोहार. लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवायचं माझं काम, आन् माझ्यासारखी धाव दुसऱ्या कुणाची बसत नव्हती, हे मी आजही सांगतो. अक्का गिरणीत शेंगा निवडायला होती. बहात्तरच्या दुष्काळात शेंगाच पिकल्या न्हाईत, गिरणी बंद पडली. पुढं पाऊस झाला, पण गिरणी काही उघडली न्हाई. गाड्या एस.टी. स्टँडाकडं सुटायला लागल्या, त्यांच्यामागं बाजारही तिकडं सरकला. आमच्याकडं एकेका दुकानाला फळ्या लागत गेल्या. शिंप्यानं मशीन पोत्यात बांधून ठेवलं. मला पिंपरीच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून बोलावणं आलं. हेल्पर! दुसऱ्यानं सांगायचं आन् मी हातोडा मारायचा. पण घरात चूल पेटायला पाहिजे होती. जायचं ठरलं.

अक्कानं तोवर गिरणीच्या बंद फाटकाला टेकून चहाचं हॉटेल टाकलं होतं. हॉटेल म्हंजी एक स्टो, एक बाकडं. पण अक्का बौद्धवाड्यातली. गल्लीतली माणसं तोंडावर काही बोलायची न्हाईत, 'आत्ताच घेऊन आलोय' म्हणून पुढं जायची. अशात एक दिवस ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"नामदेवा, पिंपरीला चाललास म्हणं?"

"व्हय."

"तिथं बैलगाड्या येत्यात का?"

"अक्का, चेष्टा करू नकोस."

"चेष्टा न्हाई. माणूस बाजार कुठं करतो? जिथं बैल सुटत्यात तिथं. आन् बैल कुठं सुटत्यात? पाणी असंल तिथं. गिरणीपुढचा हौद कोरडा पडला आन् गाड्या गेल्या. आपुन हौद भरू. चार बाजार थांब, मग खुशाल जा."

तिनं दुकानादुकानात जाऊन हेच सांगितलं. कुणाला फार खरं वाटलं न्हाई, पण बसून तरी काय करायचं? सगळ्यांनी मिळून हौदातला गाळ उपसला, फट होती ती बुजवली. मग किराणावाले शेटजी हळूच म्हणाले, "पर अक्का, इहिरीचं पाणी काढणार कोण?" ते काय विचारतायत ते सगळ्यांना कळलं. अक्कालाही कळलं.

"मी काढते की," ती म्हणाली. "कुणाच्या हातचं, म्हणून बैल इचारणार हाय व्हय?"

शिंपी असा फिस्सकन हसला की शेटजींनाही हसू आलं. पोहऱ्याला नवा दोर शेटजींनीच दिला.

बाजाराच्या दिवशी गल्ली नवरीसारखी सजवावी असं सगळ्यांच्या मनात आलं. शिंप्यानं चिंध्यांच्या पताका शिवल्या आन् आम्ही त्या या घरापासून त्या घरापर्यंत ताणून बांधल्या. पहिली गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. वारा सुटला, पताका फडफडल्या आन् बैल जे बुजले! फुरफुरत मागं सरले, गाडी गटाराच्या दगडावर आदळली. मागच्या गाड्या स्टँडाकडं वळायला लागल्या. आमच्या डोळ्यांदेखत सगळं चाललं होतं. शेटजी ओरडत होते, "हाणा की त्यास्नी!"

अक्का पोहरा टाकून पळत आली. "आरं, लगीन तुमचं हाय का बैलाचं? ते फडफडतंय ते काढा आधी!"

पण गाठी मी मारलेल्या. सुटतात कशाला! शेवटी अक्कानं विळ्यानं दोऱ्या कापल्या. मग बैलांच्या पुढ्यात गेली, कासरा हातात घेतला, त्यांच्याशी काय बोलली तिलाच ठाऊक, आन् चालत चालत त्यांना हौदावर नेलं. बैलांनी तोंड घातलं. नुसता पाणी ओढल्याचा आवाज...

वळलेल्या गाड्या परत फिरल्या. दगडावर आदळून त्या पहिल्या गाडीची धाव ढिली झाली होती. मी भट्टी पेटवली. धाव तापून लाल झाली, चाकावर चढवली आन् अक्कानं काढलेलं पाणी तिच्यावर ओतलं. चर्र आवाज झाला आन् लोखंडानं लाकूड गच्च आवळलं. त्या दिवसानंतर पिंपरीचं नाव मी काढलं न्हाई.

गिरणी उघडली न्हाई ती न्हाईच. पण बाजार हळूहळू गल्लीत आला. शिंप्याचं मशीन पोत्यातनं बाहेर निघालं. अक्काच्या हातचं पाणी आधी बैलं प्याली. मग गाडीवान बाकड्यावर बसून तिचा चहा प्याले. आमची गल्ली सगळ्यात शेवटी प्याली. पण प्याली.

आमच्यात ऐरण म्हंजी देव. तिच्यावर बसायचं न्हाई, काही ठेवायचं न्हाई. माझी बायकोसुद्धा कधी तिला शिवली न्हाई. आन् अक्का? बाजाराच्या सकाळी पहिला कप घेऊन यायची आन् सरळ ऐरणीवर ठेवायची. पहिल्यांदा मी डोळे वटारले, तर म्हणाली, "बघतोस काय? तुझा देव हाय न्हवं? मग पाज की त्याला बी चहा!" पुढं टायरच्या गाड्या आल्या, मग टेम्पो आले, धावा संपल्या. मी खुरपी-विळ्यांवर आलो. कप मात्र चुकला न्हाई. ती दौंडला गेल्यावर तिची सून हॉटेल बघते, पण सून चहा दारातनंच हातात द्यायची.

परवाच्या बाजाराला अक्काची सून कप घेऊन आली तवा माझे दोन्ही हात कामात होते. ती इकडंतिकडं बघत उभी राहिली. "कुठं ठेवू, आबा?"

मी ऐरणीवरचं खुरपं उचललं.

"इथंच ठेव," म्हटलं. "जागा तुझ्या सासूनं ठरवलीय."