यमुनाबाईंची दोन किलोंची लेन्स

यमुनाबाईंच्या हातात कॅमेरा आला तो पन्नाशी उलटल्यावर. नवरा गुलाबराव मालगाडीचे गार्ड. भुसावळहून बदली झाली म्हणून जयपूरला आले आणि तिथल्या सोडाला भागातच रमले. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी बायकोला विचारलं, "तुला काय आणू?"

"लांबचं पाखरू जवळ दिसेल अशी लेन्स."

कॅमेरा आला आणि त्याला दीडशे ते सहाशे मिलिमीटरची, चांगली दोन किलोंची लेन्स आली. लेक गौतमी हसून म्हणाली, "आई, ही तर तोफ आहे!"

मग दर रविवारी सकाळी स्कूटरवरून शहराबाहेरचं कानोत्याचं धरण. लेन्सची बॅग तान्ह्या पोरासारखी यमुनाबाईंच्या मांडीवर. पाखरं हुडकायचे मात्र गुलाबराव. उभा जन्म दूरचे सिग्नल पाहिलेली नजर ती! "डावीकडची बाभूळ, दुसरी फांदी, खंड्या," ते कुजबुजत. यमुनाबाई आधी दीडशेवर बाभूळ गाठत, मग कडी फिरवत सहाशेवर जात. एकदम सहाशेवर शोधलं की नुसतं आभाळ दिसतं, हे शिकण्यात त्यांचे चार रविवार गेले होते. हात भरून आले की गुलाबराव लेन्स टेकवायला खांदा पुढे करत आणि श्वास रोखून बसत. एकदा त्यांना असा ठसका लागला, की खंड्या उडाला आणि दोघं पोट धरून हसले.

गेल्या वर्षी गुलाबरावांच्या डोळ्यांचा पडदा बिघडला. समोर पाहिलं की मधोमध काळा डाग. कडेचं तेवढं अंधुक दिसे. त्यांनी धरण सोडलं.

"तू जात जा गं."

"एकटी जाऊन काय करू?" म्हणत यमुनाबाईंनी लेन्स कपाटात ठेवली.

या जानेवारीत गौतमीने दोघांना जवळजवळ ओढूनच गाडीत बसवलं. धरणावर यमुनाबाई पहिल्यांदाच आपल्या डोळ्यांनी पाखरू शोधत होत्या. तासाभराने उथळ पाण्यात चित्रबलाक सापडला. गाडीच्या काचेवर लेन्स टेकवून त्यांनी फोटो काढला आणि कॅमेरा नवऱ्यापुढे धरला.

"काही दिसत नाही गं."

त्यांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाखराचं नुसतं डोकं उरलं. "आता जरा तिरकं बघा."

गुलाबरावांनी मान कलती केली.

"चोच पिवळी... मासा आहे का तिच्यात?"

"आहे!" यमुनाबाईंचा आवाज चिरकला.

"शेपटीवरची पिसं दाखव. गुलाबी असतात ना?"

मग ते मागत गेले आणि त्या दाखवत गेल्या. गौतमीने आणलेल्या कचोऱ्या गार झाल्या, दुपार झाली, शेवटी बॅटरी संपली तेव्हा कुठे तिघं घरी निघाले.