सुशीलाबाईंचे मीटर

मंगळवारी माझं आमच्या सरांशी कडाक्याचं भांडण झालं. मोहाडीला, आमच्या कोसा रेशमाच्या साड्यांच्या कारखान्यात, सगळ्यांसमोर... आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

मी तिथे सुपरवायझर आहे. सरांनी यंदा एआय आणलंय. खोटं कशाला बोलू, कामाचं आहे! कोणता रंग संपत आलाय, कोणती ऑर्डर आधी घ्यायची, हे मिनिटात सांगतं. माझी निम्मी डोकेदुखी गेली.

मग सरांनी त्याला विचारलं, एक विणकर कमी करायचा तर कोण? उत्तर आलं... सुशीलाबाई. महिन्याला विणलेले मीटर सगळ्यात कमी.

अहो, कमी असणारच ना! मागावर नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढला की त्याचा एकेक धागा जुन्या धाग्याच्या टोकाला जोडावा लागतो. हजारो धागे. आमच्याकडे ही जोडणी सुशीलाबाईच करतात, सगळ्यांच्या मागांवर, स्वतःचा माग बंद ठेवून. पण साडी ज्याच्या मागावर विणली, मीटर त्याच्या नावावर... जोडणीला रकानाच नाही. आणि तो तक्ता मीच भरते. म्हणजे पहिली चूक माझीच.

सरांना हे सांगितलं, तर म्हणतात, "कॉम्प्युटर कायले खोटं बोलन, मॅडम? तुमची माया आहे तिच्यावर."

माया आहेच! बावीस वर्षं झाली त्यांना इथे. तेवढ्यात त्या स्वतःच दारात येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, मले काढून राहिले का?" एवढंच विचारलं... माझं डोकंच फिरलं.

सरांसमोरच कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढली. कोणाच्या मागावर त्यांनी किती दिवस जोडणी केली, ते विणकरांना तिथेच बोलावून, विचारून विचारून टाईप केलं. उत्तर फिरलं. ह्यांना काढलं तर सगळेच माग अडतील, म्हणे.

सर लगेच, "हां, मंग राहू द्या तिले. आता तेच म्हणून राहिलं."

इथे मात्र माझा तोल गेला. सकाळपासून मी वेगळं काय सांगत होते, सर? मी बोलले तर माया, आणि तेच मशीन बोललं तर अक्कल?

विणकर गालातल्या गालात हसत होते.

सुशीलाबाईंना ठेवण्याच्या रिपोर्टवर मला सही करायची होती. त्यात छापून आलं होतं, 'निर्णय: एआयच्या शिफारशीनुसार'. मी ती ओळ खोडली आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं.

एआय राहू द्या, मला ते हवंच आहे. तक्त्यात जोडणीचा रकानाही टाकलाय. पण माणसाला कामावरून काढायचं, तर ते ठरवणाऱ्या माणसाचं नाव कागदावर हवं म्हणजे हवंच. उद्या निर्णय चुकला, तर सुशीलाबाईंना कोणाच्या तरी दारात जाऊन भांडता आलं पाहिजे.