आईचा बार्बेक्यू बर्गर

आईने बर्गर करायचा ठरवला तेव्हा तिने तो आयुष्यात एकदाच खाल्ला होता, दिल्लीला माझ्या दादाकडे गेली असताना, मॉलमध्ये. दादाच्या मुलीला झाशीला यायचं म्हटलं की जिवावर यायचं. बारा वर्षांची पोर. मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीतच. दिवाळीच्या आधी फोनवर म्हणाली, "वहाँ खाने को मिलता क्या है, आजी?"

"तुला काय हवं ते सांग, मी करते," आई म्हणाली.

"बार्बेक्यू बर्गर. वो धुएँ वाला."

आईने फराळ बाजूला ठेवला आणि त्या बर्गरच्या मागे लागली. टोमॅटो शिजवून गाळले, त्यात चिंचेचा कोळ, गूळ, व्हिनेगर, ठेचलेला लसूण. पहिल्या खेपेला ते आमच्या आमटीसारखंच लागलं. पुढच्या खेपेला तिने गूळ कढईत किंचित करपू दिला आणि चव एकदम पालटली. टिक्की राजमा आणि सुरणाची, बाहेरून पोह्यांचा चुरा. धुराचं तिला शिकावं लागलं नाही. भरताला ती नेहमीच वाटीत निखारा ठेवून वर तूप सोडते आणि झाकण घालते. बनसाठी मी तिच्याबरोबर दतिया गेटच्या बेकरीत गेले. तिळाचे नव्हते. "कल आएँगे, अम्माजी," बेकरीवाला म्हणाला. मी म्हटलं, साधे घेऊ. आई दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन तिळाचे घेऊन आली.

मी इथल्याच एका शाळेत शिकवते. लग्न केलं नाही, आईबाबांसोबतच राहते, त्यामुळे बाबांचं बोलणं मी जन्मभर ऐकलेलं आहे. बाबा कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. आईच्या हातचं खायचं आणि खाताना त्याला नावं ठेवायची, हे त्यांचं रोजचंच. भाजीला 'काढा' म्हणायचे, पुरणपोळीला 'टायर'. पाहुणे असले की आणखी रंगायचे. पाहुणे हसत, आईही हसे. ती का हसते, हे मला चाळिशी ओलांडली तरी कळलं नव्हतं.

भाऊबीजेला दुपारी आम्ही सगळे टेबलाशी बसलो. आईने बर्गर बटर पेपरात गुंडाळून आणले, अगदी दुकानात देतात तसे. नातीने पहिला घास घेतला. तिच्या भुवया वर गेल्या. मी समोरच बसले होते, मला ते स्पष्ट दिसलं. तिला तो आवडला होता. दुसरा घास तिने मोठा घेतला.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "खा, बेटा, खा. मी पन्नास वर्षं खातोय, अजून मेलो नाही."

दादा हसला. वहिनी खाली मान घालून हसली. पोरीने चघळणं थांबवून सगळ्यांकडे पाहिलं. हसणारे जास्त होते. तिने तोंडातला घास कागदात थुंकला आणि म्हणाली, "आजी, ये तो कुत्ता भी नहीं खाएगा."

बाबांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. "वा! माझी नात शोभतेस! चल, बघूच खातो का." त्यांनी आईच्या ताटातला बर्गर उचलला आणि पोरीचा हात धरून फाटकापाशी गेले. गल्लीतला कुत्रा उन्हात पडला होता. बाबांनी बर्गर त्याच्यासमोर टाकला. कुत्रा उठला, बर्गर हुंगून सॉसच्या आंबट वासाने शिंकला आणि परत जाऊन पडला. पोर टाळ्या पिटत होती. दादा मोबाइल काढून शूटिंग करत होता. मी "दादा, पुरे," म्हटलं, पण तेही त्या हसण्यात कोणाला ऐकू गेलं नाही.

आई दारात उभी होती. ती हसली नाही. आत गेली, टेबलावरचे सगळे बर्गर तिने पातेल्यात गोळा केले. एक मला दिला, एक स्वतः घेतला, आणि आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात बसून खाल्ले. फार उत्तम झाले होते. मी तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी चहा मागितला.

"नाक्यावर मिळतो," आई म्हणाली.

दुपारी तिने दोघींपुरता वरणभात लावला. बाबांना वाटलं, रुसवा आहे, संध्याकाळपर्यंत जाईल. दादाची मंडळी ठरल्यापेक्षा आधीच निघून गेली. बाबा हॉटेलात पुऱ्या खाऊ लागले आणि आठवड्याच्या आत पोट धरून अंथरुणाला लागले. आईने त्यांच्या गोळ्या वेळेवर दिल्या, पाणी दिलं. जेवण दिलं नाही.

"आई, त्यांना शुगर आहे," मी म्हटलं.

"मग तू करून घाल. मी कुठे अडवलंय?"

मला स्वयंपाक येत नाही. आईने कधी करूच दिला नव्हता. मी लावलेल्या खिचडीतली डाळ दाताखाली कचकच वाजत होती. बाबांनी एक घास घेतला, थांबले, आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वा! फार छान झालीय. याला म्हणतात स्वयंपाक."

आईच्या सगळ्या संसारात हे वाक्य तिच्या वाट्याला आलं नव्हतं. ते मला मिळालं, आणि तेही तिला टोचावं म्हणून. मला वाटलं, आता ती रडेल. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंस ना? यांना तुझ्याच हातचं आवडतं. आता रोज तूच कर."

तेव्हापासून बाबांचं जेवण मी करते. शाळेतून दमून येऊन, घाईघाईत, वाईट. आई शेजारीच आमचं दोघींचं शिजवते. फोडणीचा वास घरभर जातो, पण बाबा मागत नाहीत. मागितलं तर हरले. आणि नावंही ठेवता येत नाहीत, कारण एकदा मोठ्याने छान म्हणून बसलेत. मी बरं शिकून घेतलं असतं तर बाबांचे हाल थांबले असते. एकदा आईला विचारलं, भाजीला वाफ किती द्यायची? ती म्हणाली, "तुझं तू बघ." मी पुन्हा विचारलं नाही, आणि शिकायची फारशी खटपटही केली नाही.

काल वांगी खालून करपली, वरून कच्ची राहिली. आई समोर बसून बाबांकडे बघत होती. बाबांनी पोळीचा तुकडा मोडला, घास गिळला, पाण्याचा घोट घेतला.

"छान झालीत," ते म्हणाले.

"आणखी वाढ गं त्यांना," आई म्हणाली. मी वांगी वाढली.