शेवंताने कलेक्टरला लिहिलेलं पत्र

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवरा होता तोवर त्याला सांगितलं नाही, तो गेल्यावर देवापुढंही बोलले नाही. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही — म्हणूनच कदाचित सांगता येईल. मधेच अडखळले तर सांभाळून घ्या. सगळा जन्म वर्गात बडबड करण्यात गेलेली बाई मी, पण हे सांगायला बसले की भलतंच काही बोलून उठते.

मी उदगीरची. घरी किराणा दुकान, बोलण्यात निम्मं कानडी, आईला आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वा म्हणायची, या पोरीच्या तोंडाला कुलूप कसं ते नाहीच. खरंच नव्हतं हो! पण जिथं तोंड उघडायला पाहिजे होतं, नेमकं तिथंच — जाऊ द्या, सांगते ओळीनं.

निलंगा तालुक्यातल्या एका गावात मला शाळेत नोकरी लागली. गावाचं नाव सांगत नाही. शाळा खाजगी, संस्थेचे अध्यक्ष गावातलेच, त्यांना सगळे मालक म्हणायचे. मी तात्पुरती होते. दरवर्षी उन्हाळा आला की एकच घोर, पुढच्या वर्षी ठेवतात की नारळ देतात! त्याच सुमारास लातूर वेगळा जिल्हा झाला. काय ती हवा होती म्हणून सांगू! आता कलेक्टर आपल्या लातुरात बसणार, उस्मानाबादला हेलपाटे नकोत — पारावर दुसरं बोलणंच नाही. आणि नेमका तेव्हाच पाऊस दडी मारून बसला. जिल्हा नवा आणि आड कोरडे.

मराठीत मला सगळ्यात आवडायचं ते पत्रलेखन. पोरांना मजा यायची. घरगुती पत्र घेतलं की 'तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार' म्हणून जोरात सुरुवात, आणि पुढं गाडी थांबायची. एक जण म्हणाला, बाई, बाप तर घरीच झोपलाय, त्याला पत्र कशाला? सगळा वर्ग लोळायचा बाकी होता. मग मी कार्यालयीन पत्र घ्यायचे. प्रति, मा. जिल्हाधिकारी साहेब, लातूर. 'लातूर' हा शब्द लिहिताना पोरं काय ऐटीत लिहायची! आपलंच गाव असल्यासारखी.

आणि शेवटी सही — अ.ब.क. तुम्ही शाळेत गेला असाल तर आठवेल. परीक्षेत पत्राखाली स्वतःचं नाव टाकायचं नाही, गाव टाकायचं नाही. पेपर तपासणाऱ्याला पोरगं कुठलं ते कळता कामा नये. म्हणून सगळ्या महाराष्ट्राची पोरं तक्रार करणार ती अ.ब.क. या नावानं. मी हे इतकं घोटून घेतलं होतं की चुकून कुणी खरं नाव लिहिलं तर शेजारचाच ओरडायचा, ए, मार्क गेले तुझे!

शेवंता माझ्या नववीच्या वर्गात होती. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. आई रोजगार हमीवर खडी फोडायला जायची, आजी डोळ्यांनी अधू, बाप ऊसतोडीला. पाण्याची खेप हिच्या डोक्यावर. वस्तीचा आड आटला होता, त्यामुळं लांब शिवारातल्या एका विहिरीवरून आणायचं. पहिला तास तिचा नेहमी बुडायचा. दारात येऊन उभी राहायची, खांद्यावरची ओढणी ओली, आणि म्हणायची, 'येऊ का बाई?' कधी रागावले नाही मी तिला. एवढं एक तरी बरं केलं असं म्हणायचं का? नाही, तेही नको.

सरकारी टँकर गावाला मिळाला होता. तो गावाच्या आडात आणि वस्तीच्या आडात ओतायचा, असं ठरलेलं. पण वस्तीवर तो गेलाच नाही. तो मालकांच्या मोसंबीच्या बागेतल्या विहिरीवर रिकामा व्हायचा. सगळ्या गावाला ठाऊक. मलाही ठाऊक. मी रोज त्याच बागेवरून शाळेत जायचे.

एके दिवशी मी पत्राला विषय दिला, तुमच्या भागातील पाणीटंचाई. शिकवायची सवय, दुसरं काय! बाकीच्या पोरांनी गाईडातलं उतरवलं. शेवंतानं खरं लिहिलं. टँकर कुठं जातो, कधी जातो, वस्तीत किती म्हाताऱ्या आहेत, कुणाच्या घरात घागर फुटली तर नवी यायची नाही म्हणून पोरींना बोलणी कशी बसतात. सगळं साधं, एकापुढं एक, कुठं रडगाणं नाही. मी ते दोनदा वाचलं. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली.

'बाई, हे खरंच धाडू का? टँकर आला तर माझी शाळा ऱ्हाईल. न्हाईतर माय म्हणती, आता बास.'

मी 'हो' म्हणाले. म्हणाले, पाकीट मी आणते. केवढी मोठी झाले मी स्वतःच्याच डोळ्यांत त्या क्षणी! मग ती खाली सही करायला वाकली, आणि थांबली.

'पण बाई, नाव न्हाई टाकलं तर सायबाला कसं कळंल, टँकर कुठं धाडायचा?'

बघा. नववीतल्या पोरीला कळलं ते. मला कळत नव्हतं का?

मला दुसरंच दिसत होतं. पत्र लातूरला जाणार, तिथून तहसिलात येणार, तहसिलातून मालकांच्या ओसरीवर. खाली शेवंताचं नाव, गावाचं नाव. मग मालक विचारणार, पोरीला हे कुणी शिकवलं? कायम करण्याचा माझा कागद त्यांच्याच सहीसाठी पडून होता. शिव शिव! मी एका दमात एवढं सगळं बघितलं, आणि तोंड उघडून म्हणाले — पत्राची पद्धत असते ती, अगं. अ.ब.क.च लिहायचं. आणि वर गावाचं नावही नको, नुसतं 'आमच्या गावात' म्हण. बागेचं वाक्यही काढ, असं कुणाच्या नावानं लिहू नये.

तिनं सगळं खोडलं आणि सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवून आणलं. माझ्यावर विश्वास होता तिचा. मी पाकिटावर पत्ता घातला. गावच्या पेटीत टाकलं नाही, गावचा शिक्का बसला असता. निलंग्याच्या स्टँडवरच्या पेटीत टाकलं. इतकी काळजी घेतली मी. कुठल्या गावचं, कुणाचं, कशाबद्दल, काहीच न कळणारं पत्र. ते वाचून कुणी काय करणार होतं? कुणालाच दोष नाही. दोष जिथं आहे तिथंच आहे.

तिनं वाट बघितली. रोज दारातून आत येताना माझ्याकडं बघायची, मी नजर फळ्याकडं वळवायचे. खाई त्याला खवखवे म्हणतात ना. मग एकदा तिनं विचारलंच. म्हणाली, बाई, माझ्या पत्रात काई चुकलं का?

मनाशी आठवतानाही मी आजवर इथंच थांबत आले. नाव न टाकायला सांगितलं तो भित्रेपणा. पण आता जे सांगते, त्याला काय म्हणायचं? मी म्हणाले, 'हो, विषय मांडताना तुझं जरा चुकलंच. सराव कमी पडतो.'

तिनं मान हलवली. नेहमी हलवायची तशीच. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली नाही. मला मात्र कायम केल्याचा कागद मिळाला. मी पेढे वाटले.

पुढं माझी नोकरी मजेत झाली. पोरं पास झाली, पत्रलेखनात माझ्या वर्गाला पैकीच्या पैकी मार्क पडायचे. निवृत्त झाल्यावर एकदा औशाच्या स्टँडवर बसची वाट बघत बसले होते. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई आली आणि सगळ्यांदेखत पाया पडली. मी ओळखलं नाही. मग तिनं नाव सांगितलं — शेवंता.

सोबत तिची सून होती. कुठल्यातरी योजनेचा अर्ज द्यायचा होता आणि कोरा कागद हातात घेऊन दोघी कुणीतरी लिहून देणारं शोधत होत्या. मी म्हणाले, तूच लिही की, तुझं अक्षर किती चांगलं. ती हसली. सुनेला सांगायला लागली — ह्या माझ्या बाई. लई जीव लावायच्या. मलाच न्हाई जमलं बघ. टँकरसाठी कलेक्टरला पत्र लिवलं होतं मी, बाईंनी स्वतः पाकीट आणलं, पण माझं लिवणंच चुकलं. साऱ्या वस्तीला पाणी न्हाई आलं माझ्यापायी. तवापासून मी कागदाला हात लावत न्हाई.

सहज सांगत होती. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, 'आजून वाईट वाटतं बाई.'

सांगायची ती वेळ होती. मालक कधीच वारले होते, मला पेन्शन चालू होती, कुणाला भ्यायचं कारण नव्हतं. तोंड उघडलंही मी. आणि म्हणाले, 'असू दे गं. लहान होतीस तू.'

तिचा चेहरा केवढा मोकळा झाला! डोळे पुसून तिनं पुन्हा माझे पाय धरले. पत्रात तिचं काहीही चुकलं नव्हतं. मी तिला माफ केलं, अर्ज लिहून दिला, आणि बस लागल्यावर खिडकीशी जाऊन बसले.