थांबल्यावर तापणारी मोटार

मैत्रिणींनो, आज सकाळची गंमत तुम्हाला लगेच कळवावीशी वाटली.

पावणे इथला नोकरीचा कारखाना बंद पडून घरी बसल्यापासून आमचे हे बाल्कनीत एक यंत्र जुळवताहेत. कॉम्प्युटरच्या हुकमावर ते लाकडात नक्षी कोरतं. पण त्याच्या स्टेपर मोटारी, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरून नेमक्या जागी थांबणाऱ्या मोटारी, फार तापायच्या. एक जळलीच. "आता दुसरी गेली की सगळं भंगारात," असं यांनी जाहीर केलं होतं.

आज यंत्र थांबवून हे चहाला आले. मी भुसा पुसायला गेले, तर बोटाला चटका!

"अहो, चालताना ही एवढी तापत नाही."

"काहीतरीच तुझं! थांबलेली मोटार कशाला तापेल?"

"हात लावून बघा की."

हात लावला आणि चहा तसाच राहिला. जागा सुटू नये म्हणून मोटार उभ्या उभ्या पूर्ण करंट खात होती! थांबल्यावर करंट निम्मा होईल अशी सोय यांनी दुपारपर्यंत केली. आता मोटार नुसती कोमट लागते. बाल्कनीतून कोरण्याचा आवाज येतोय.

घरात नुसते बसलेले असताना हे इतके का तापतात, तेही मला आज उमगलं. तुमच्याकडेही असं कुणी आहे का गं? त्याला निम्म्यावर कसं आणता?