श्रावणातला पगार

"साहेब, मी चोर न्हाई. तेवढं कागदावर लिवून द्या, सही-शिक्का मारून. मी निगालो मुंबैला."

मारुती माझ्या टेबलासमोर उभा होता. काखेत वळकटी, डोळे लाल. दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीतला तिशीचा गडी. सांगलीत स्टँडजवळच्या एका मिलिटरी हॉटेलात, म्हणजे मटणाच्या खाणावळीत, वेटर होता. मी त्या वेळी सांगलीला कामगार खात्यात इन्स्पेक्टर होतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. माणूस चोर नसल्याचा दाखला आमचं ऑफिस देत नव्हतं.

"आधी बस खाली. काय चोरलंस म्हणतात?"

"एक रुपाया. माजाच."

हळूहळू सगळं बाहेर आलं. गिऱ्हाईक खूश होऊन बडीशेपेच्या बशीत जे वर ठेवतं ती टिप. या हॉटेलात वेटरनं ती काउंटरवरच्या कुलपाच्या डब्यात टाकायची आणि महिनाअखेर मालकानं सगळ्यांना सारखी वाटायची, असा नियम. आदल्या दिवशी एका ड्रायव्हरनं रुपया ठेवला, तो मारुतीनं कनवटीला लावला. मालकानं पाहिलं. भर दुपारी, गिऱ्हाइकांदेखत "चोर हाय ह्यो!" म्हणून ओरडून त्याला बाहेर काढलं.

"का लावलास कनवटीला?"

"सरावन हाय न्हवं, साहेब."

"श्रावणाचा आणि रुपयाचा काय संबंध रे?"

"आवं, सरावनात मटान कोन खातंय? गिऱ्हाईक न्हाई म्हंजी टिप न्हाई. टिप न्हाई म्हंजी निम्मा पगार गेला. गेल्या सालीबी असंच झालं. घरी दोन लेकरं हायती."

टिप नाही तर पगार नाही! माझे कान टवकारले. पण मारुतीला पगाराचं काही पडलं नव्हतं. त्याची भीती वेगळीच होती. मुंबईत त्याच्या गावची माणसं एका खोलीत राहायची. चोरीची बातमी त्याच्या आधी तिथं पोचली तर खोलीत कोण घेणार? नाव गेलं की सगळं गेलं.

"एक दिवस थांब," मी म्हणालो आणि सायकल काढली.

मालक फौजेतले रिटायर्ड सुभेदार. स्टुलावर बसले तरी परेडला उभे असल्यासारखे ताठ. मी ओळख सांगून वेजेस रजिस्टर मागितलं, म्हणजे कोणाला किती पगार दिला त्याची वही. एरवी हे मागितलं की मालकांची काय काय नाटकं! रजिस्टर मुनीमजींकडे असतं, मुनीमजी मिरजेला गेलेले असतात, आणि मिरजेत त्यांचा कोणीतरी नेमका वारलेला असतो. सुभेदारांनी दुसऱ्या मिनिटाला वही पुढ्यात ठेवली. खाकी कव्हर, तांबड्या शाईच्या रेघा, मोत्यासारखं अक्षर.

उघडली आणि मी गारच झालो. प्रत्येक वेटरच्या नावापुढे तीन रकाने. 'मालकाकडून', 'टिप' आणि 'एकूण पगार'.

"सुभेदार, ही वही म्हणजे तुम्हीच तुमच्यावर केलेली केस आहे."

"काय बोलता! ह्यात एक अक्षर खोटं दावा, मिशी उतरवतो."

"तेच तर म्हणतो! खोटं लिहिलं असतंत तर पकडायला मला महिना लागला असता."

मग मी समजावून सांगितलं. सरकारनं हॉटेलकामाला एक किमान दर ठरवलाय. त्याखाली जाता येत नाही, आणि तो मालकाच्या खिशातून द्यावा लागतो. टिप ही गिऱ्हाइकाची खुशी. ती पगारात धरता येत नाही. तुमचा पहिला रकाना दर महिन्याला कमी पडतोय. सहा महिन्यांचा फरक भरावा लागेल.

सुभेदारांचा चेहरा लालबुंद झाला. "म्हंजी मी पोरांचा पगार खाल्ला? टिपेतली पै मी शिवत न्हाई! आन वर्साचा हिसाब करा की. बाकीच्या म्हैन्यात सरकारी दराच्या वर जातंय!"

"आणि श्रावणात?"

"सरावनात धंदाच न्हाई त्याला मी काय करू?"

मी कलम सांगितलं. ते म्हणाले, कलम तुमच्या हापिसात ठेवा. मीही काही थंड डोक्याचा नव्हतो, माझाही आवाज चढला. वेटर भिंतीला चिकटून ऐकत होते. असं भांडून संध्याकाळ झाली असती. मग मला एकदम सुचलं.

"फौजेत किती वर्षं होतात?"

"चोवीस. का?"

"त्यात प्रत्यक्ष लढाई किती दिवस?"

"दोनदा गेलो. समदं मिळून म्हैनाभर आसंल."

"मग बाकीच्या दिवसांचा पगार सरकारनं कापला?"

"कापंल कसा? आमी ड्यूटीवर हुतो की! रोज पाटं परेड, बंदूक साफ, पहारा..." आणि ते थांबले.

"मारुती श्रावणात रोज सकाळी टेबलं पुसायला येत होता की नाही?"

सुभेदारांनी वही आपल्याकडे ओढून पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आयला!"

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "मंग त्यो रुपाया?"

"त्याचा. टिप वाटून घ्यायची असेल तर ते वेटरांनी आपसात ठरवावं. तुमचा नियम मोडला म्हणून बोलला असतात तर मी मध्ये पडलो नसतो. चोर कसं म्हणता?"

"चारचौघांत म्हनलो मी," ते हळू आवाजात म्हणाले. मला त्या माणसाची खरंच दया आली. "मंग चारचौघांतच मिटवाय पायजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मारुतीला घेऊन गेलो. तो दारात अडखळला, मी ढकलला. सुभेदार उठून उभे राहिले. "मंडळी, जरा ऐका. ह्या मारुतीला मी चोर म्हनलो. त्यो चोर न्हाई. चूक माजी हुती."

पण मंडळी होती कुठं? श्रावण! उसळ-भाकरी खाणारी फक्त चार माणसं. सुभेदारांनी मोजली आणि मान हलवली. "न्हाई जमलं. त्या दिशी बाजार हुता, बावीस जण हुतं. अजून अठरा ऱ्हायले."

आणि खरंच, पुढचे तीन दिवस हॉटेलात नवं गिऱ्हाईक शिरलं की सुभेदार आधी मारुतीला समोर बोलवायचे, माफी मागायचे, मगच ऑर्डर घ्यायचे. एक जण घाबरून न जेवताच गेला. तो त्यांनी मोजणीत धरला नाही, कारण त्यानं पुरतं ऐकलं नव्हतं. शेवटी मारुतीच हात जोडून म्हणाला, "बास करा आवं सुभेदार! आता तर लयच लाज वाटाय लागली!"

"गप ऱ्हा. अजून दोघं हायती."

बावीस भरले. सहा महिन्यांचा फरक सगळ्या वेटरांना माझ्यासमोर मिळाला, आणि वहीतला टिपेचा रकाना सुभेदारांनी स्वतः पट्टी लावून खोडला. मारुती मुंबईला गेला नाही.

पुढं नोकरीत मी शेकड्यांनी रजिस्टरं तपासली. एवढंच शिकलो: ज्याचं रजिस्टर खरं असतं, त्याला कायदा समजावून सांगितला की भागतं. ज्याचं खोटं असतं, त्याला तो आधीच पाठ असतो.