कोरडे केस

एय्दिसनं हल्बेराला पहिल्यांदा पाहिलं ते गावच्या गरम कुंडाशेजारच्या, बायकांच्या न्हाणीघरात. एय्दिस शाळेवर नवी बाई म्हणून आलेली. बाहेर बर्फ, म्हणून अंगावर चार थेंब उडवून, पोहण्याचा पोशाख चढवून ती घाईनं निघाली होती. दारात हल्बेरा आडवी.

"केस कोरडे? मागं फिर. पोशाख काढ, साबण लाव, डोकं धू. पोरांना हेच शिकवणार आहेस होय?"

लाव्हाच्या काळ्या माळातून येणारं ते पाणी स्वच्छ राहावं, म्हणून आधी सगळ्यांसमोर उघडं होऊन अंग घासायचं, असा नेम. कुंडाची राखणदार म्हणून हल्बेरानं तो जन्मभर सगळ्यांकडून पाळून घेतला. पाद्रीबाईंनाही तिनं एकदा परत पाठवलं होतं.

पुढं ती निवृत्त झाली, रोज सकाळी स्वतः कुंडात बसू लागली. मग आजार निघाला, एक स्तन काढावा लागला. त्यानंतर ती तिकडं फिरकेना. कोपऱ्यातली तिची जागा मात्र कुणी घेतली नाही.

एय्दिस गरम मातीत पुरून भाजलेली राय नावाच्या धान्याची भाकरी घेऊन तिच्याकडं गेली.

"कुंडावर येणारा म्हातारा गुन्स्टेन म्हणतो, तू नाहीस म्हणून कुंडाचं पार माशाचं कालवण झालंय."

"त्यानं कधी पाठ घासलीय का, म्हाताऱ्यानं!" हल्बेरा हसली. मग तिचा हात छातीकडं गेला. "सगळ्या गावाला उघडं केलं गं मी. आता मला बघतील."

"तू माझं बघितलंस, मी मेले का?"

"तुझं काय बघायचं होतं? नुसती काडी!"

आठवड्यानं हल्बेरा आली. पोशाख घरूनच आत घालून आलेली. कपडे टाकले आणि भिंतीच्या कडेनं हळूच कुंडाकडं सटकू लागली. दारात एय्दिस आडवी.

"केस कोरडे?"

 हल्बेरा खो खो हसत सुटली, मागं फिरली आणि तिनं पोशाख उतरवला. शेजारच्या बाईनं साबण पुढं केला, "पाठ इकडं कर," म्हणाली, आणि उद्या वारा सुटणार म्हणतात, ते सांगत बसली.

आता हल्बेरा रोज सकाळी कोपऱ्यातल्या जागेवर असते. शस्त्रक्रियेपासून डावा हात अजून वर जात नाही, म्हणून तिचं डोकं एय्दिस धुऊन देते.